जुन्या पोर्टलला कुलूप कोण लावणार?

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी हे गाव ऑगस्ट २०२३ पर्यंत पंचक्रोशीबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. २९ ऑगस्टला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी तिथे उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला पोलिसांचा लाठीमार झाला आणि गावाचं नाव महाराष्ट्रभर पोचलं. त्या आंदोलनाच्या राजकारणावर भरपूर लिहून झालंय, पुढेही लिहिलं जाईल. त्यातली एक बाजू मात्र गलबल्यात मागे राहिली. ती म्हणजे कागद. पणजोबाच्या नावापुढे ‘कुणबी’ लिहिलेली नोंद कुठल्या दप्तरात आहे, ती कुणाच्या ताब्यात आहे आणि माझ्या हाती कशी येणार, या तीन प्रश्नांवर लाखो घरांचं लक्ष लागून राहिलं.

सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातली जुनी दप्तरं उघडली गेली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळनोंदवही, जन्म-मृत्यूचं रजिस्टर, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, १९५१ ची नागरिक नोंदवही, दुय्यम निबंधकाकडची खरेदीखतं, इसार पावत्या, बटाई पत्रकं, इतकंच काय, तुरुंगातल्या नोंदवह्यासुद्धा. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे कितीतरी कागद उर्दूत, कितीतरी मोडीत. ऑक्टोबर २०२३ अखेर समितीचा पहिला अहवाल स्वीकारताना सरकारने आकडा सांगितला: तपासलेले कागद सुमारे पावणेदोन कोटी, सापडलेल्या कुणबी नोंदी ११,५३०. म्हणजे साधारण दीड हजार कागद चाळावेत तेव्हा एक नोंद. पुढे शोध राज्यभर वाढला आणि सापडलेल्या नोंदींच्या स्कॅन प्रती जिल्ह्याजिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या.

ते योग्यच झालं. सरकारी दप्तरातली शंभर वर्षांपूर्वीची नोंद जितक्या लोकांना दिसेल तितकं बरं. पण त्या नोंदीच्या आधारावर कुणबी प्रमाणपत्र काढायला निघालेला माणूस सोबत काय काय घेऊन जातो ते पाहा. आधार, रेशनकार्ड, स्वतःची आणि वडिलांची टीसी, वंशावळीचं शपथपत्र, फोटो, कधी बँकेचं पासबुकही. हे कागद सार्वजनिक नाहीत. त्यांत घराण्याचा सगळा पट आहे: कोण कुणाचा मुलगा, जन्म कधीचा, कुठे राहतो, मोबाइल नंबर कोणता. आणि हे सगळं जातं कुठे? सेतूवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथून त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये. अर्ज भरून झाला, पावती मिळाली, माणूस घरी गेला. प्रती तिथेच राहिल्या. वर्षभराने तोच कॉम्प्युटर फॉरमॅट न करता विकला जातो, तेव्हा त्या प्रतींचं काय झालं हे कुणी विचारत नाही.

उघडं असावं असं दप्तर आणि बंद असावी अशी फाइल, दोन्ही आपण एकाच सहजतेने हाताळतो. हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे: लोकांनी विश्वासाने दिलेले कागद सांभाळणारी कंपनी किंवा ऑफिस जेव्हा आपलं ऑनलाइन पोर्टल बदलतं, तेव्हा नेमकं काय होतं आणि काय व्हायला हवं.

जालना हे तसं व्यापाराचं गाव. लोखंडाच्या रोलिंग मिल आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत (बद्रीनारायण बारवाले यांची महिको इथलीच, १९६४ सालची), जिनिंग आहे, मोसंबीचा बाजार आहे. एवढे धंदे म्हटल्यावर त्यांचे हिशेब पाहणारी सीए मंडळी, वकील, विमा आणि कर्जाचं काम करणारे आलेच. या ऑफिसांत ग्राहकाला बहुधा ‘पार्टी’ म्हणतात, वकिलाकडे ‘पक्षकार’. पार्टीचं बँक स्टेटमेंट, जीएसटीची बिलं, पॅन, भागीदारीपत्र, जमिनीचे सातबारे, सगळं ऑफिसात येतं. सीएच्या टेबलाच्या खणात पार्ट्यांची डिजिटल सहीची टोकनं रबरबँड लावून ठेवलेली असतात. ज्या सहीने कंपनीचं विवरणपत्र दाखल होतं ती सही मालकाच्या खिशात नसते, खणात असते. यावर कुणाला आश्चर्य वाटत नाही, एवढं ते अंगवळणी पडलंय.

अशा ऑफिसासाठी ‘क्लायंट पोर्टल’ नावाची सोय असते. ईमेलला फाइल जोडून पाठवली की तिच्या प्रती तुमच्या मेलमध्ये, समोरच्याच्या मेलमध्ये आणि पुढे तो जिथे जिथे पाठवेल तिथे तिथे उरतात; त्यांवर कुणाचाच ताबा नसतो. पोर्टलवर फाइल एका जागी राहते आणि माणसं तिच्यापर्यंत येतात. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, कुणी काय पाहायचं ते ठरलेलं, लिंकची मुदत ठरलेली आणि कुणी कधी काय उघडलं याची नोंद. वाटेत जाताना फाइल सांकेतिक रूपात जाते आणि सर्व्हरवरही तशीच साठवली जाते. तरी ती उलगडणारी किल्ली बहुतेक वेळा पोर्टल चालवणाऱ्या कंपनीकडेच असते, हे लक्षात ठेवलेलं बरं. ‘एन्क्रिप्टेड आहे’ हे वाक्य विक्रेता छातीठोकपणे सांगतो तेव्हा किल्ली कुणाकडे आहे, एवढाच प्रश्न विचारावा.

मग चालू पोर्टल बदलायचं कशाला? कारणं बहुधा कंटाळवाणी असतात. करार संपला, भाडं वाढलं, मोबाइलवर नीट चालत नाही, मूळ कंपनी दुसऱ्याने विकत घेतली. क्वचित कारण गंभीर असतं: सॉफ्टवेअर जुनं झालंय आणि बनवणाऱ्यानेच हात वर केलेत. या शेवटच्या कारणाकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं याचा धडा जगाने २०२० च्या डिसेंबरमध्ये घेतला.

अमेरिकेतल्या अ‍ॅक्सेलियन या कंपनीचं ‘एफटीए’ नावाचं उत्पादन होतं. मोठ्या आणि गोपनीय फाइली बाहेरच्या लोकांना सुरक्षित पाठवायच्या, एवढ्यासाठीच ते बनवलेलं. वय सुमारे वीस वर्षं. कंपनीचं नवं उत्पादन बाजारात येऊनही काही वर्षं झाली होती, जुन्या ग्राहकांना ‘तिकडे या’ असं ती सांगत होती आणि ३० एप्रिल २०२१ ही जुन्याची शेवटची तारीख ठरवली गेली. चोर त्याआधीच आले. डिसेंबरच्या मध्यापासून त्यांनी त्यातल्या फटी शोधून फाइली उचलायला सुरुवात केली. न्यूझीलंडची रिझर्व्ह बँक, ऑस्ट्रेलियाची कंपन्या आणि रोखे यांवर देखरेख ठेवणारी संस्था, सिंगापूरची सिंगटेल, अमेरिकेतली जोन्स डे ही बडी वकिली पेढी असे एकेक बळी पुढे आले. वॉशिंग्टन राज्याच्या लेखापरीक्षकांच्या कार्यालयातून तर बेकारभत्त्यासाठी अर्ज केलेल्या दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती गेली. त्या लोकांनी अ‍ॅक्सेलियनचं नावही ऐकलेलं नसणार. त्यांनी अर्ज सरकारकडे केला होता, सरकारचे कागद लेखापरीक्षकाकडे गेले होते आणि लेखापरीक्षकाने ते या यंत्रणेतून मागवले होते.

तीच साखळी २०२३ मध्ये आणखी मोठी होऊन दिसली. मूव्हिट नावाच्या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक अज्ञात फट सापडली आणि क्लॉप या टोळीने मे महिन्याच्या अखेरीस, अमेरिकेतल्या सुट्टीच्या मुहूर्तावर, एकाच वेळी असंख्य ठिकाणी हात मारला. ब्रिटनमध्ये पगाराचं काम करणारी झेलिस ही कंपनी मूव्हिट वापरत होती. तिच्यामार्फत बीबीसी, ब्रिटिश एअरवेज आणि बूट्स यांच्या कर्मचाऱ्यांची माहिती गेली. जगभरात दोन हजारांहून अधिक संस्थांना झळ बसली. टोळीने फाइलींना कुलूप घालण्याचे कष्टही घेतले नाहीत. नुसत्या चोरल्या आणि पैसे मागितले.

माझ्या मते या दोन्ही प्रकरणांतली शिकण्यासारखी बाब फटीत नाही. फट प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये कधी ना कधी सापडतेच. फाइल पाठवण्याचं पोर्टल ही वाटेवरची जागा आहे. कागद तिथे यावा, समोरच्याने घ्यावा आणि तिथून नाहीसा व्हावा. प्रत्यक्षात लोक तिचं कोठार करतात. सहा वर्षांपूर्वीचं बँक स्टेटमेंट, मरण पावलेल्या पार्टीचा पॅन, सोडून गेलेल्या नोकराचा बायोडेटा, सगळं पडून असतं. चोराला एकदाच आत यायचं असतं. आत आल्यावर त्याला आजचे दहा कागद मिळणार की वीस वर्षांचे दहा लाख, हे मालकाच्या आळसावर ठरतं.

म्हणून पोर्टल बदलायचं ठरलं की पहिलं काम नव्याचे फिचर पाहण्याचं नाही. आधी जुन्यात काय आहे ते काढायचं आणि त्यातलं काय न्यायचंच नाही ते ठरवायचं. इथे कायदा मदत करतो. लेखापरीक्षणाचे कागद अहवालाच्या तारखेपासून सात वर्षं ठेवावेत असा सीएंच्या संस्थेचा दंडक आहे. कंपनीची हिशेबाची पुस्तकं कंपनी कायद्याप्रमाणे आठ वर्षं ठेवावी लागतात. ती मुदत संपलेलं आणि कुठल्या खटल्यात न अडकलेलं सगळं, ज्याचं त्याला कळवून, पुसून टाकता येतं. बहुतेक ऑफिसांत हे होत नाही, कारण पुसायला कुणीतरी बसून ठरवावं लागतं आणि ‘असू द्या, कधी लागलं तर’ म्हणायला काहीच लागत नाही.

उरलेलं न्यायचं कसं? इथे एका सरकारी प्रयोगाची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण आपल्या खात्यांना शिव्या देताना त्यांनी नीट केलेली कामं आपण विसरतो. महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारा संगणकात चढवला गेला तेव्हा चुकांचा डोंगर उभा राहिला. नावातला काना गेला, क्षेत्रातला दशांश सरकला, मयताचं नाव राहिलं आणि वारसाचं गळलं. तपासायचं कसं? महसूल खात्याने २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन घेतलं. तलाठ्याने संगणकातला सातबारा लोकांसमोर मोठ्याने वाचायचा आणि खातेदाराने चूक असेल तर सांगायची. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनातल्या चुका दुरुस्त करण्याची सोय होतीच. त्यानंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. सगळ्या चुका निघाल्या असं मुळीच नाही, आजही तहसीलच्या फेऱ्या मारणारे लोक भेटतात. पण तत्त्व पक्कं होतं: नकल बरोबर उतरली का, हे नकल करणाऱ्याने सांगायचं नाही, ज्याचा कागद आहे त्याने सांगायचं.

खासगी पोर्टल बदलणाऱ्या कंपन्या नेमकं हेच करत नाहीत. व्हेंडर म्हणतो, ‘डेटा शंभर टक्के मायग्रेट झाला’, मॅनेजर मान डोलावतो, बिल निघतं. खरं तर यंत्राला स्वतःचं चावडी वाचन करता येतं. प्रत्येक फाइलीतल्या एकूण एक बिटावरून गणिताने एक ठरावीक लांबीची अक्षरमाळ काढता येते. तिला हॅश म्हणतात. हा फाइलीचा अंगठा समजा. फाइलीत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी अंगठा पूर्ण बदलतो. जुन्या पोर्टलवरच्या प्रत्येक फाइलीचा हॅश आधी काढून ठेवायचा, नव्यावर पुन्हा काढायचा आणि दोन्ही याद्या जुळवायच्या. जिथे जुळणार नाही तिथे फाइल तुटली, बदलली किंवा राहून गेली. एवढं काम रात्रभरात यंत्र करतं, आणि तरी ते करून घेणारे थोडे.

हॅशने फाइल जुळते, पण फाइलीभोवतीची माहिती जुळेलच असं नाही. एखाद्या पार्टीने नोटिशीचं उत्तर मुदतीच्या आत, समजा १४ मार्चला, पोर्टलवर टाकलं होतं. पोर्टल बदललं आणि नव्या ठिकाणी त्या फाइलीवर तारीख पडली स्थलांतराच्या दिवसाची. उद्या वाद झाला तर मुदतीचा पुरावा कुठे? म्हणून कुणी, कधी टाकलं, कुणी उघडलं, कुणी उतरवून घेतलं याची जुनी नोंदवही स्वतंत्र काढून, तिच्यावर डिजिटल सही करून जपावी लागते. ज्यांच्याकडे टॅली आहे त्यांना ‘एडिट लॉग’ परका नाही. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी नोंद १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची आहे. हिशेबाला जे लागू झालं ते कागदपत्रांच्या पोर्टललाही आपणहून लावून घ्यायला काय हरकत आहे?

मराठी मुलुखात एक जास्तीचा ताप असतो, तो फाँटचा. युनिकोड सर्रास येण्याआधी ऑफिसांनी वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या फाँटांत काम केलं. त्या फाइली नव्या पोर्टलवर जशाच्या तशा जातात, हॅशही जुळतो, पण फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडल्यावर दिसतात निरर्थक खुणा. शोधखिडकीत ‘पाटील’ टाकलं तर एकही फाइल सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी त्यांत ‘पाटील’ हा शब्दच नाही. फाइलीचं नाव देवनागरीत असेल तर काही जुन्या यंत्रणा त्याच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं मांडतात. व्हेंडर पुण्याचा असो की बंगळूरचा, त्याला हे आधी सांगावं लागतं. नंतर सांगितलं तर तो ‘स्कोपमध्ये नव्हतं’ म्हणतो, आणि करारानुसार त्याचंच बरोबर असतं.

बदल एका दिवसात करावा की हळूहळू? आपल्या सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण प्राप्तिकर खात्याचं. जून २०२१ च्या पहिल्या आठवड्यात जुनं ई-फायलिंग पोर्टल बंद ठेवून ७ जूनला नवं सुरू केलं गेलं. इन्फोसिसने बनवलेलं, सुमारे ४,२४२ कोटींच्या प्रकल्पातलं. पहिल्या दिवसापासून तक्रारी: लॉगिन होत नाही, ओटीपी येत नाही, जुनी विवरणपत्रं दिसत नाहीत, डिजिटल सही नोंदवली जात नाही. ऑगस्टमध्ये पोर्टल सलग दोन दिवस बंद पडलं तेव्हा अर्थमंत्रालयाने २३ तारखेला इन्फोसिसच्या मुख्याधिकाऱ्यांना बोलावून घेतलं. विवरणपत्राची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. त्या महिन्यांत सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणाऱ्या पोरांनी रात्री दोन वाजता, वर्दळ कमी असेल म्हणून, विवरणपत्रं भरली आहेत.

जुनं आणि नवं काही काळ बरोबर चालू ठेवणं शहाणपणाचं, पण त्याला मर्यादा हवी. जुन्यावर नवीन कागद टाकणं पहिल्या दिवसापासून बंद, फक्त पाहणं आणि उतरवणं चालू. आणि तेही ठरलेल्या तारखेपर्यंत. नाहीतर अर्धी ऑफिसं जुन्यात, अर्धी नव्यात, आणि खरी प्रत कोणती हे कुणालाच सांगता येत नाही.

नवं म्हणजे सुरक्षित, हाही गैरसमज. त्याच प्राप्तिकर पोर्टलबद्दल ऑक्टोबर २०२५ मध्ये बातमी आली की स्वतःच्या खात्यात शिरलेल्या कुणालाही, ब्राउझरकडून जाणाऱ्या विनंतीत आपल्या पॅनऐवजी दुसऱ्याचा पॅन घातला की, त्या दुसऱ्याचं नाव, पत्ता, बँक खातं, आधार क्रमांक दिसू शकत होता. अभ्यासकांनी कळवल्यावर दोष दुरुस्त झाला. गंमत म्हणजे यात पासवर्ड तोडावा लागत नव्हता. दारावरच्या यंत्रणेने ‘तू कोण’ हे विचारलं, पण ‘हा कागद तुझा आहे का’ हे प्रत्येक कागदापाशी विचारलं नाही. पोर्टल घेताना बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचं ते याच प्रश्नासाठी. एका पार्टीचं लॉगिन घेऊन दुसऱ्या पार्टीची फाइल मागून पाहायची. मिळाली, तर व्हेंडरला परत पाठवायचं.

माणसांच्या सवयींपुढे मात्र कुठलंही पोर्टल हात टेकतं. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानवाटपातला मोठा गैरव्यवहार २०२५ मध्ये उघडकीला आला, गुन्हे नोंदले गेले. अधिकाऱ्यांचे लॉगिन आणि पासवर्ड भलत्याच हातांत असल्याचा मुद्दा त्यात पुढे आला. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल. पण ‘साहेबांचा पासवर्ड माझ्याकडेच असतो’ हे वाक्य अभिमानाने सांगणारा क्लार्क कुठल्या ऑफिसात नाही? पोर्टल बदलताना जुन्या लॉगिनांची यादी तशीच्या तशी नव्यात ओतली तर सोडून गेलेली माणसं, सामाईक पासवर्ड, तीन वर्षांपूर्वी काम संपलेला बाहेरचा सल्लागार, सगळे नव्या घरात हक्काने राहायला येतात. लॉगिन स्थलांतरित करूच नयेत. प्रत्येकाला नव्याने द्यावं, ज्याचं त्याला, मोबाइलवरच्या दुसऱ्या पडताळणीसकट.

पासवर्डच्या पीडीएफचंही असंच. आधारची पीडीएफ उघडायचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष असा असतो, हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. मेलमध्ये पीडीएफ आणि त्याच मेलच्या शेवटच्या ओळीत तिचा पासवर्ड, हे मी प्रतिष्ठित ऑफिसांकडून आलेलं पाहिलंय. आधारच्या झेरॉक्स वाटू नका, गरज असेल तिथे शेवटचे चार अंक दाखवणारं मास्क्ड आधार द्या, असा सल्ला मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने दिला. गैरसमज होईल म्हणून तो दोनच दिवसांत मागे घेतला गेला. सल्ला वाईट नव्हता. मास्क्ड आधार आजही उतरवून घेता येतं आणि ते फार थोडे लोक देतात, कारण समोरचा माणूस ‘हे चालणार नाही’ म्हणतो.

डिजिलॉकर या बाबतीत वेगळ्या वाटेने जातो. २०१५ साली सुरू झालेल्या या सोयीत दोन कप्पे आहेत: तुम्ही स्वतः स्कॅन करून ठेवलेला कागद आणि खात्याने थेट दिलेला कागद. दुसऱ्या प्रकाराला मूळ कागदाइतकीच मान्यता आहे. तिथून मागणाऱ्याला तुमच्या संमतीने खात्याचाच कागद मिळतो. सेतूवाल्याच्या डाउनलोड्समध्ये प्रत उरण्याचं कारणच उरत नाही. ज्या ऑफिसांना नवं पोर्टल घ्यायचंय त्यांनी ते डिजिलॉकरशी जोडता येतं का हे जरूर विचारावं.

आता पार्टीकडून बघू. अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीच्या बाजूचा मोसंबीवाला शेतकरी, त्याला वर्षातून दोनदा सीएला कागद द्यायचे असतात. त्याला एक मेसेज येतो: ‘आमचं पोर्टल बदललं आहे, खालील लिंकवर जाऊन नवीन पासवर्ड बनवा.’ हा मेसेज खरा की खोटा? भामटेही अक्षरशः हेच लिहितात, सोबत एखादी एपीके फाइल चिकटवतात आणि ती उघडली की फोन त्यांच्या ताब्यात. पोर्टल बदलाचा काळ भामट्यांच्या सुगीचा असतो. म्हणून कंपनीने बदलाची खबर लिंकशिवाय द्यावी. जुन्या पोर्टलच्या पहिल्या पानावर, बिलाच्या खाली छापून, आणि वयस्क पार्टीला ओळखीच्या नंबरवरून फोन करून. ‘दादा, येत्या सोमवारपासून पत्ता बदलतोय, मी स्वतः सांगेन तोवर कशावर दाबू नका,’ एवढं एक वाक्य हजार रुपयांच्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त काम करतं. आणि पोर्टल इतकं किचकट नको की तो शेतकरी वैतागून शेवटी म्हणेल, ‘जाऊ द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो.’ तो जिथे टाकेल तेच तुमचं खरं पोर्टल.

राहिलं जुनं दार. नवं सुरू झाल्याचे पेढे वाटले जातात, जुन्याच्या अंत्यविधीला कुणी थांबत नाही. सर्व्हर चालू राहतो, कारण भाडं वर्षाचं भरलेलं असतं. सुरक्षेचे पॅच लावणं थांबतं, कारण लक्ष नव्याकडे असतं. बॅकअपच्या प्रती तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. डोमेनचं नाव वर्षभराने सुटतं आणि दुसराच कुणी ते घेऊन हुबेहूब जुनं पान उभारतो. म्हणून जुन्या व्हेंडरच्या शेवटच्या हप्त्याला अट घालावी: मूळ आणि बॅकअप दोन्ही पुसल्याचं लेखी प्रमाणपत्र दे, मगच पैसे. जुनं डोमेन मात्र काही वर्षं आपल्याच नावावर ठेवावं. खर्च वर्षाला एका बऱ्या जेवणाइतका.

कायदाही आता यात उतरलाय. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होतील. ज्याने माहिती गोळा केली तो जबाबदार. ‘आमच्या व्हेंडरकडून झालं’ म्हणून सुटका नाही. सुरक्षेची वाजवी तजवीज न केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. काम संपल्यावर आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याने ठेवणं भाग नसल्यास, आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क त्यात आहे. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवायची आणि यंत्रणेचे लॉग १८० दिवस जपायचे, हा आदेश तर एप्रिल २०२२ पासूनचा आहे.

तेव्हा ‘आमचं पोर्टल बदललं’ असा निरोप तुमच्या सीएकडून, वकिलाकडून, विमा कंपनीकडून आला तर अभिनंदन जरूर करा, आणि त्याच उत्तरात विचारा की जुन्या पोर्टलवरचे माझे कागद कोणत्या तारखेला पुसले जाणार. तारीख लेखी मागा. मिळाली नाही तर मिळेपर्यंत नव्यावर काहीही टाकू नका.